डबल बेल

गाईडताईचे गुडघे गेल्या सीझनपासूनच कुरकुरत होते, आणि या सीझनला तर त्यांनी उघड संप पुकारला. बावीस वर्षं बसच्या पायऱ्या चढायच्या-उतरायच्या, दर थांब्याला पुढून मागे नि मागून पुढे जाऊन डोकी मोजायची, म्हणजे गुडघे काय लोखंडाचे आहेत? कंपनीचा नियमच होता तसा. गाडी हलण्याआधी प्रत्येक सीटपाशी जायचं, पाठीला हात लावायचा आणि मोजायचं. नियम करणारे ऑफिसातल्या खुर्चीवर बसून नियम करतात. त्यांचं काय जातंय!

म्हणून ताईने आपली एक युक्ती काढली होती. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक नंबर द्यायचा. निघायच्या वेळी आपण पुढे उभं राहून नुसती टाळी वाजवायची, की एकपासून चाळीसपर्यंत ज्याने त्याने आपला नंबर ओरडायचा. चाळीस आलं की गाडी सुटली. साठी ओलांडलेली माणसं वर्गात हजेरी दिल्यासारखी ओरडायची, हसायची, त्यांचाही वेळ जायचा. कोणी पेंगत असेल, कोणाला कमी ऐकू येत असेल, तर जोडीदाराने दोघांचे नंबर म्हणावेत, ही सवलतही ताईचीच. या सवलतीचा तिला मोठा अभिमान होता. ती म्हणायची, गुडघेही वाचतात आणि माणसंही खूश राहतात.

यंदाच्या सीझनची ही शेवटची टूर. सहा दिवस, थंड हवेची दोन ठिकाणं, एक तळं आणि त्यात बोटिंग. सतरा आणि अठरा नंबर होते एका जोडप्याचे. सतरा म्हणजे काकू, चणीने लहानशा, चेहऱ्यावर कायमची जाग. अठरा म्हणजे त्यांचे यजमान. त्यांना पहिल्या संध्याकाळपासून अख्खी गाडी कंडक्टरकाका म्हणायला लागली, कारण चौतीस वर्षं त्यांनी तीच नोकरी केली होती आणि आता बाकी सगळं विसरून तेवढीच त्यांच्या लक्षात राहिली होती. विसरायचा आजार. मुलीचं नाव गेलं, घराचा पत्ता गेला, जेवलो की नाही तेही गेलं. पण गाडी थांबली रे थांबली की काका ताठ उठायचे, खाली उतरून दाराशी उभे राहायचे आणि सुरू व्हायचे, "चला, सावकाश. पुढे सरका पुढे, मागे जागा आहे. घाई करू नका हो, तुम्हाला सोडून जात नाही."

सगळे चढले की मग काका शेवटी चढायचे, दार ओढून घ्यायचे आणि दारालगतच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारायचे. धप्, धप्. डबल बेल. ड्रायव्हरमामाला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशीच त्याने जाहीर करून टाकलं, "काकांची डबल बेल झाल्याशिवाय आपला पाय क्लचवरून उठणार नाही!" लोकांनी टाळ्या पिटल्या. तिसऱ्या दिवसापर्यंत ती थट्टा राहिली नाही, रीतच झाली. ताईची हजेरी व्हायची तेव्हा काका खाली दाराशीच असायचे, त्यांचा अठरा नंबर काकू खिडकीतून म्हणून टाकायच्या, चाळीस झाले की दार, मग दोन थापा, मग गाडी.

काकूंनी पहिल्या दिवशीच ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ह्यांचं मी बघते हं, तुम्ही अजिबात काळजी करू नका. लेकीने पाठवलंय. म्हणाली, आई, नऊ वर्षांत घराबाहेर पडली नाहीस, जा जरा मोकळी हवा खाऊन ये." मग स्वतःच हसल्या. "मोकळी हवा! आणि बरोबर हे."

ताईही हसली होती. झोप लागते का, असं तिने विचारलं, तर काकूंनी मनगट पुढे केलं. त्यावर दोरीचा वळ होता. रात्री काका उठून दारं उघडत सुटतात, म्हणून दोरीचं एक टोक त्यांच्या मनगटाला आणि दुसरं काकूंच्या. त्यांनी हात हलवला की काकू जाग्या. "सवय झालीय," काकू म्हणाल्या. ताईने मनातल्या मनात म्हटलं, कसली डोंबलाची सवय. पण तोंडाने तिने गरम पाणी हवंय का एवढंच विचारलं.

चौथ्या दिवशी घाट होता. घाटाचा रस्ता एका गाडीपुरता, म्हणून त्याला दोन फाटकं. सकाळी खालचं फाटक उघडायचं आणि गाड्या फक्त वर जायच्या. दहाला ते बंद. वाटेतल्या सगळ्या गाड्या वर पोचल्या की एक वाजता वरचं फाटक उघडायचं आणि मग गाड्या फक्त खाली. मध्ये कोणालाही उलटं फिरता येत नाही, मग तो कोणीही असो. अर्ध्या वाटेवर एक चहाची टपरी, तिथे गाड्या दहा मिनिटं थांबत.

त्या दिवशी धुकं असं की आपलाच हात आपल्याला परका वाटावा. चाळीस जणांनी चहा घेतला, तळव्यांवर फुंकर मारली, धुक्याचे फोटो काढले. त्यात काय आलं असेल ते त्यांनाच ठाऊक. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या. ताईने टाळी वाजवली. एक, दोन, तीन. "सोळा!" "सतरा, अठरा," काकू खिडकीशेजारून म्हणाल्या. काका नेहमीप्रमाणे खाली दाराशी होते. चाळीस झाले. ताई ड्रायव्हरशेजारच्या आपल्या सीटवर टेकली आणि गुडघा चोळायला लागली. दार बंद झालं. धप्, धप्. मामाने गाडी काढली.

ताईला नंतर आठवलं, आणि आठवलं ते पुन्हा पुन्हा आठवतच राहिलं. पत्र्यावर आतून थाप पडली की तो घुमतो आणि बाहेरून पडली की नुसता वाजतो. त्या दिवशी तो नुसता वाजला होता.

वरच्या फाटकावर सव्वादहाच्या सुमारास पोचले. फाटकवाला अंगात जाड कोट, हातात वही घेऊन आत चढला, बोटाने डोकी मोजत मागे गेला आणि मोजतच पुढे आला. "बाई, कागदावर चाळीस. गाडीत एकोणचाळीस."

"नीट मोजा हो दादा, कोणीतरी खाली वाकलं असेल."

"मी एकोणीस वर्षं मोजतोय."

"आणि मी बावीस," ताई म्हणाली आणि तिने तोऱ्यात टाळी वाजवली. एक, दोन, तीन. हजेरी झरझर पुढे गेली. "सोळा!" "सतरा, अठरा." पुढे थेट चाळीस. ताईने विजयी नजरेने फाटकवाल्याकडे पाहिलं. तो पुन्हा मागे गेला, आणि या वेळी कंपनीच्या नियमासारखा प्रत्येक सीटला हात लावत आला. सतराच्या शेजारी थांबला. त्या सीटवर एक घडी घातलेला मफलर होता आणि पाण्याची बाटली.

"इथे कोण बसतं?"

काकूंचे डोळे मिटलेले होते.

पुढची दहा मिनिटं गाडीत जो गोंधळ झाला तो विचारू नका. कोणी म्हणालं पोलिसांना फोन करा. कोणाच्याच फोनला रेंज नव्हती. मामा तर स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला. "थाप मी ऐकली ताई, देवाशपथ ऐकली. त्यांनीच मारली. त्यांनीच मला सोडलं." चार नंबरचे गृहस्थ, ज्यांना पहिल्या दिवसापासून खिडकी लहान नि चहा गार लागत होता, त्यांनी विचारलं, "म्हणजे आता बोटिंगचं काय?" ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी आपलं पेपरात तोंड घातलं.

ताई फाटकवाल्याच्या मागे लागली. हात जोडले. आवाज चढवला. पुन्हा हात जोडले. त्याने आपल्या खोलीतला काळा फोन उचलला. तो फक्त खालच्या फाटकापर्यंत जायचा. खालचा म्हणाला, माझं फाटक दहालाच बंद झालं, आता निरोप द्यायला कोणी नाही, माझ्याकडे गाडी नाही, सायकलसुद्धा नाही.

"मग मला तरी सोडा. मी चालत जाते."

"चौदा किलोमीटर? या धुक्यात? समोरून गाड्या येतायत बाई. एकाला शोधताना दुसरं हरवायचं. मग मी वहीत काय लिहू?"

तरीही ती फाटकाच्या बाजूने वाकून निघालीच. पहिल्या वळणापर्यंत गेली आणि गुडघ्याने तिला तिथेच बसवलं. धुक्यातून एक व्हॅन अगदी अंगावर येऊन करकचून थांबली. फाटकवाला धावत आला आणि कोपर धरून तिला परत घेऊन गेला. ती लहान मुलासारखी ओढली गेली. बावीस वर्षांत असं तिला कोणी नेलं नव्हतं.

पण त्या व्हॅनवाल्याने बातमी आणली. "टपरीपाशी? होता ना एक म्हातारा! आम्हाला त्यानेच रिव्हर्स करून दिलं. वर आणि दोन थापा मारल्या. मला वाटलं टपरीचाच माणूस आहे."

गाडीत एकच आनंद झाला. काका आहेत, उभे आहेत, कामावर आहेत! मामाने डोळे पुसले. ताईने काकूंचा हात धरून सांगितलं, "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हटलं काहीच नव्हतं, पण अशा वेळी माणूस म्हणतं. काकूंनी नुसती मान हलवली. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

त्यानंतर एकामागून एक गाड्या आल्या आणि ताईने प्रत्येकीची काच ठोठावली. एक म्हणाला, धुक्यात काही दिसलं नाही. एक म्हणाला, टपरीवाला बंद करून पायवाटेने घरी निघाला होता. एकीने काच खालीच केली नाही. अकरा वाजले. खालून एकसष्ट सोडल्या होत्या, वर साठ आल्या. एक टेम्पो वाटेत कुठेतरी अडकला होता, आणि तो आल्याशिवाय फाटक उघडणार नव्हतं.

आता करायचं काय? काहीच नाही. हेच तर. घड्याळाकडे बघायचं, फाटकाकडे बघायचं, धुक्याकडे बघायचं. टपरीच्या मागे कठडा होता, कठड्यापलीकडे दरी होती. ते कोणी बोललं नाही, पण सगळे तेच बघत होते. ताईने बिस्किटं वाटली. दुसरं काही वाटण्यासारखं तिच्याकडे नव्हतं.

बाराच्या सुमारास काकू खाली उतरल्या आणि फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. ताई शाल घेऊन मागोमाग गेली. तिच्या मनात माफीचं सगळं तयार होतं. "काकू, चूक माझी आहे. मी सीटपाशी येऊन मोजायला हवं होतं. तुम्ही आपल्या सवयीने अठरा म्हणालात, तुमचा त्यात—"

"मी पाहिलं होतं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"ते खाली राहिले ते. गाडी हलली तेव्हा खिडकीतून दिसले मला. हात वर केला होता त्यांनी, जा म्हणून. डेपोतून गाडी सोडायचे ना, तसा." काकू सरळ समोर बघत होत्या. "मी ओरडणार होते. तोंड उघडलंसुद्धा. मग वाटलं, पुढच्या वळणावर सांगू. फक्त एक वळण. माझा हात मोकळा होता ताई. कोणी ओढत नव्हतं. मी खिडकीला डोकं टेकवलं. मग म्हटलं, अजून एक वळण. मग अजून एक."

ताईने शालीची घडी उलगडली.

"डोळा लागला माझा. नऊ वर्षांत अशी झोप लागली नव्हती. आणि इथे तुम्ही टाळी वाजवलीत, तेव्हा जागी होते मी. शेजारी रिकामं आहे, कळत होतं. तरी म्हटलं अठरा." त्यांनी ताईकडे पाहिलं. "आता सांगा, कसली बाई आहे मी?"

ताईला संताप यायला हवा होता. तो तिने शोधलाही. तिथे फक्त तो दोरीचा वळ होता, काकूंच्या मनगटावरचा, आणि आपण त्यावर गरम पाणी विचारलं होतं ते. तिने शाल काकूंच्या खांद्यावर टाकली. ती घसरली, तशी पुन्हा टाकली. मग ती शेजारी बसली.

पावणेएकला शेवटचा टेम्पो आला. चाक बदलून काळेकुट्ट हात झालेला ड्रायव्हर. ताईच्या आधी काकूच त्याच्या दारापाशी पोचल्या.

"टपरी? बंद होती. तिथेच तर मी टायर बदलला, चांगला तासभर होतो. कोणी नव्हतं तिथे."

"नीट आठवा हो," ताई म्हणाली. "म्हातारे गृहस्थ, ताठ उभे राहतात..."

"बाई, चिटपाखरू नव्हतं."

काकू तिथेच रस्त्यावर खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत. "वळणावर सांगणार होते," एवढंच त्या फाटकवाल्याला म्हणाल्या. त्याला कशातलं काय कळणार? त्याने बिचाऱ्याने पाणी आणून दिलं.

एकला फाटक उघडलं. सगळ्यांच्या आधी त्याने यांची बस सोडली, तेवढंच त्याच्या हातात होतं. तळं, बोटिंग, जेवण, सगळं राहिलं बाजूला. चार नंबरनेही चकार शब्द काढला नाही. मामा एकेक वळण जीव मुठीत धरून उतरवत होता. काकू पुढे ताईच्या शेजारी बसल्या होत्या आणि प्रत्येक वळणाला डोळे मिटत होत्या. ताईने मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी ती वळणं मोजत होती. सव्वीस झाली.

टपरीला कुलूप होतं. समोरची जागा रिकामी. ताई उतरली, हाका मारल्या. मामा कठड्यापर्यंत गेला, खाली वाकून बघितलं आणि मागे वळला. त्याचा चेहरा बघायची ताईची हिंमत झाली नाही. तेवढ्यात रस्त्याच्या दुसऱ्या अंगाने, जिथे धुकं सगळ्यांत दाट होतं तिथून, आवाज आला.

"ओ मामा! उतरणीची गाडी इकडे लागते. तिकडे काय करताय?"

दुसऱ्या बाजूच्या दगडी आडोशाखाली काका उभे होते. ताठ. ओठ निळे पडलेले, हात काखेत. चढावाच्या गाड्या संपल्या म्हणजे आता उतरणीच्या येणार आणि त्या पलीकडच्या अंगाला थांबणार, हे चौतीस वर्षांच्या नोकरीने त्यांना सांगितलं होतं. म्हणून त्यांनी रस्ता ओलांडला होता आणि वाट बघत होते. इकडे तासभर टायर बदलणाऱ्याला ते दिसले नव्हते, आणि त्यांना तो.

काकू पायऱ्यांवरून जवळजवळ पडतच उतरल्या. रस्ता ओलांडून काकांच्या समोर गेल्या आणि तिथे मात्र त्यांचा बांध फुटला. हात लावायची हिंमत होईना, तोंडाने बोलवेना, अंतर ठेवून हमसाहमशी रडत उभ्या राहिल्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. कौतुकाने पाहावं, रागाने पाहावं, ओळखीने पाहावं, त्यातलं काहीच त्या नजरेत नव्हतं. होती ती फक्त चांगल्या कंडक्टरची काळजी.

"काय झालं बाई? गाडी चुकली का तुमची?" ते थरथरत्या आवाजात म्हणाले. "सोडून गेले? असतात काही लोक तसे. रडू नका. तुम्हाला बसवून दिल्याशिवाय मी इथून हलत नाही."

आणि त्यांनी काकूंचं कोपर धरलं, डावी-उजवीकडे बघून त्यांना रस्त्यापार नेलं, पायरीशी उभं केलं. "सावकाश. पुढे सरका. मागे जागा आहे."

काकू चढल्या. मागोमाग काका दाराशी थांबले, त्यांची नजर वर, हात पत्र्याकडे. ताईने खाली उतरून त्यांचा तो हात हातात घेतला, त्यांना वर चढवलं आणि त्यांच्या मागून स्वतः चढून दार आतून लावलं. मफलर गळ्याला गुंडाळला. खिडकीशी काका, शेजारी काकू.

मग तिने पुढे जाऊन टाळी वाजवली. खरं तर नको होतं. डोळ्यांना दिसत होतं सगळं. पण हात उठलाच. एक. दोन. तीन. आवाज आज कोणाचाच वर लागेना. "सोळा." "सतरा," काकू म्हणाल्या.

आणि थांबल्या.

ताईने वाट पाहिली. सगळ्यांनी पाहिली. काका खिडकीबाहेर बघत होते. काकूंचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. तो आकडा आता त्यांच्याने म्हणवत नव्हता, आणि पुढची माणसं तो आल्याशिवाय पुढे जाईनात.

गाईडताई पुढून निघाली. गुडघा कळवळला, तरी एकेका सीटच्या पाठीला हात लावत ती मागे गेली आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून थांबली. काकूंच्या मनगटावरचा वळ तिथून अगदी जवळून दिसत होता. उद्याचा दिवस, परवाचा दिवस, मग घर, मग तीच दोरी. त्याला ती काय करणार होती?

"अठरा," ताई म्हणाली.

काकांनी वर पाहिलं, मान डोलावली आणि समोरच्या सीटच्या पाठीवर दोन थापा मारल्या.